डिस्क बदलली आणि संगणक सुरू होईना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

संगणकातील डिस्क बदलल्यानंतर तो सुरू होत नाही, अशा आशयाची बरीच पत्रे आमच्याकडे साठली होती. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. त्याआधी एक कळकळीची विनंती. संगणक सुरू झाला नाही म्हणून घाईघाईने कोणतीही डिस्क फॉरमॅट करू नये आणि पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला न वाचता होकार देऊ नये. अशा वेळी बहुधा माहिती जागच्या जागी सुरक्षित असते, फक्त तिच्यापर्यंत पोहोचण्याचा पत्ता हरवलेला असतो. पत्ता पुन्हा लिहिता येतो, पुसलेली माहिती मात्र परत मिळेलच असे नाही.

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकात १ टेराबाइटची जुनी हार्ड डिस्क होती. दोन वर्षांपूर्वी मी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून तिच्यावर विंडोज १० नव्याने घातले आणि जुन्या डिस्कवर फक्त छायाचित्रे व कागदपत्रे ठेवली. आता जागा अपुरी पडू लागल्याने जुनी डिस्क काढून त्या जागी ४ टेराबाइटची नवी डिस्क लावली. संगणक सुरू करताच, बूट करण्याजोगे (म्हणजे संगणक सुरू करून देणारे) उपकरण सापडत नाही, असा इंग्रजी संदेश काळ्या पडद्यावर येतो. जुनी डिस्क परत लावली की सगळे सुरळीत चालते. विंडोज एसएसडीवर असताना जुन्या डिस्कवाचून संगणक का अडतो? एसएसडी खराब झाली असेल का?

उत्तर : आपली एसएसडी खराब झालेली नाही. जुनी डिस्क परत लावून पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण त्या एका कृतीनेच निदान जवळजवळ पूर्ण झाले आहे. विंडोज एसएसडीवर आहे, पण विंडोजला जागे करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवरच राहिल्या आहेत.

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोजचे चिन्ह दिसेपर्यंत काम एका हातातून दुसऱ्या हातात जात असते. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्राथमिक प्रोग्राम, जागे होते. त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो, आणि त्याचे आजचे रूप म्हणजे यूईएफआय. ते यंत्राची प्राथमिक तपासणी करते आणि मग स्वतःजवळ नोंदवून ठेवलेला पत्ता पाहते. या पत्त्यात विशिष्ट पार्टिशनचा (डिस्कच्या स्वतंत्र केलेल्या भागाचा) ओळखक्रमांक आणि त्या पार्टिशनमधील विशिष्ट फाइलचा मार्ग असतो. हे पार्टिशन म्हणजे ईएफआय सिस्टीम पार्टिशन. ते फॅट३२ पद्धतीचे आणि बहुधा १०० ते ३०० मेगाबाइटच्या दरम्यानचे असते, आणि त्याला ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसल्यामुळे एरवी ते नजरेसही पडत नाही. त्यातला बूट मॅनेजर शेजारीच असलेल्या बीसीडी नावाच्या नोंदवहीत पाहून विंडोज कोठे आहे ते शोधतो आणि सूत्रे विंडोजकडे सोपवतो.

आपण एसएसडीवर विंडोज घातले तेव्हा जुनी डिस्क जोडलेलीच असणार. तिच्यावर पूर्वीच्या विंडोजचे असे पार्टिशन तयार होते, म्हणून विंडोजच्या इन्स्टॉलरने नवे पार्टिशन न करता नव्या विंडोजचा बूट मॅनेजर त्याच जुन्या पार्टिशनमध्ये ठेवून दिला. तेव्हापासून आपला संगणक रोज जुन्या डिस्कच्या दारातून आत शिरून एसएसडीवर पोहोचत होता, आणि आता ते दारच निघून गेले आहे.

याची खातरजमा करण्यासाठी जुनी डिस्क जोडून विंडोज सुरू करावे आणि डिस्क मॅनेजमेंट हे विंडोजमधील साधन उघडावे. ईएफआय सिस्टीम पार्टिशन असे लिहिलेला छोटा भाग जुन्या डिस्कच्या ओळीत दिसला आणि एसएसडीच्या ओळीत दिसला नाही, तर वरील निदान पक्के समजावे. त्याच वेळी दोन्ही डिस्कच्या गुणधर्मांत जाऊन पार्टिशनचा तक्ता लिहिण्याची पद्धत जीपीटी ही नवी आहे की एमबीआर ही जुनी, हेही पाहून ठेवावे, कारण दुरुस्तीचा मार्ग त्यावर ठरतो.

एसएसडी जीपीटी असेल तर विंडोज पुन्हा घालण्याची काहीच गरज नाही. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत एखाद्या बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मग डिस्क मॅनेजमेंटमधूनच सी ड्राइव्ह सुमारे ३०० मेगाबाइटने आकसून घ्यावा. प्रशासकाच्या अधिकारांनिशी उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट हा पार्टिशन करणारा प्रोग्राम सुरू करून एसएसडी निवडावी, मोकळ्या झालेल्या जागेत ईएफआय प्रकारचे पार्टिशन करावे, ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावे आणि त्याला तात्पुरते एखादे अक्षर द्यावे. या संपूर्ण कामातील धोक्याची जागा हीच आहे. डिस्कपार्ट डिस्कला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखते, आणि चुकीचा क्रमांक दिला तर ते आपली चूक लक्षात आणून देत नाही. म्हणून प्रत्येक आज्ञेआधी यादी पुन्हा पाहून आकारमानावरून आपण योग्य डिस्कवर आहोत याची खात्री करावी. त्यानंतर डिस्कपार्टमधून बाहेर पडून बीसीडीबूट ही आज्ञा चालवावी. तिला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : विंडोजचे फोल्डर कोठे आहे, बूटच्या फाइली कोणत्या अक्षराच्या पार्टिशनमध्ये ठेवायच्या आणि फर्मवेअर यूईएफआय आहे. बाकीचे सर्व, बीसीडीच्या नोंदवहीसह, ती स्वतः तयार करते. हे पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीलाच असले पाहिजे असा नियम नाही, त्यामुळे सी ड्राइव्हच्या मागे आले तरी चालते. मग संगणक पूर्ण बंद करून जुनी डिस्क काढावी आणि केवळ एसएसडीवर तो सुरू होतो का ते पाहावे.

दोन्ही डिस्क एमबीआर पद्धतीच्या निघाल्या तर हेच काम थोड्या वेगळ्या प्रकारे होते. तेथे बूटच्या फाइली ज्या पार्टिशनवर ठेवायच्या ते पार्टिशन सक्रिय म्हणून नोंदवावे लागते आणि बीसीडीबूटला यूईएफआयऐवजी बायोस असे सांगावे लागते. एसएसडीच्या पहिल्या सेक्टरात (डिस्कच्या पहिल्या छोट्या तुकड्यात) बूटचा संकेत नसेल तर तोही त्यासोबत लिहावा लागतो. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआर डिस्कचे, माहिती न पुसता, जीपीटीत रूपांतर करणारे साधन विंडोजमध्येच मिळते. परंतु रूपांतरानंतर फर्मवेअर यूईएफआय पद्धतीवर आणावे लागते आणि डिस्कवर तीनपेक्षा अधिक मुख्य पार्टिशन असतील तर ते साधन रूपांतर नाकारते. अडचण असताना हा मार्ग न धरता, सर्व सुरळीत झाल्यावर सवडीने तो पत्करावा असे मी सुचवेन.

आपल्या ४ टेराबाइटच्या डिस्कविषयी थोडेसे. १९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर आलेली एमबीआर पद्धत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरात सर्व काही बसवते. त्यांतील ४४६ बाइट बूटच्या संकेतासाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. त्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे सुमारे २ टेराबाइटपुढचा भाग तिला दिसतच नाही. म्हणून नवी डिस्क जीपीटी पद्धतीनेच तयार करावी. तिच्यावर फक्त माहिती ठेवायची असल्याने ती जीपीटी असण्याचा संगणक सुरू होण्याशी काहीही संबंध येणार नाही.

पुढे कधी विंडोज नव्याने घालण्याची वेळ आली तर ज्या डिस्कवर घालायचे तेवढी एकच डिस्क जोडलेली ठेवावी आणि बाकीच्यांच्या केबल काढून ठेवाव्यात. या पाच मिनिटांच्या कष्टाने आजचा सारा त्रास टळला असता.

प्रश्न : मी लॅपटॉपमधील साटा (डिस्क जोडण्याची प्रचलित पद्धत) एसएसडीचा क्लोन नव्या एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी) एसएसडीवर घेतला. नव्या एसएसडीवरून सुरू केल्यावर विंडोजचे चिन्ह दिसते आणि लगेच निळा पडदा येऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश येतो. एका परिचितांच्या सांगण्यावरून मी बायोसमध्ये साटाची पद्धत रेडवरून एएचसीआय (या दोन्ही डिस्क विंडोजपुढे मांडण्याच्या पद्धती) अशी बदलली. आता जुनी एसएसडीही तोच निळा पडदा दाखवते. दोन्ही डिस्क गेल्या असे समजायचे का?

उत्तर : दोन्ही डिस्क धडधाकट असाव्यात. प्रथम बायोसमधील तो बदल मागे घेऊन पद्धत पुन्हा रेड करावी. जुनी एसएसडी पूर्वीसारखी सुरू होईल, आणि तोपर्यंत पुढचे कोणतेही पाऊल उचलू नये.

हा संदेश बूट मॅनेजरकडून आलेला नसून विंडोजच्या गाभ्याकडून आलेला असतो, हे ध्यानात घेतले की कारण उलगडते. सुरुवातीच्या टप्प्यात डिस्क वाचण्याचे काम फर्मवेअर करते, म्हणून विंडोजचे चिन्ह दिसण्यापर्यंत सर्व ठीक चालते. त्यानंतर विंडोज स्वतःचा ड्रायव्हर वापरून डिस्क वाचू लागते. त्या क्षणी कोणता ड्रायव्हर उचलायचा हे आधीपासून नोंदलेले असते आणि ते जुन्या जोडणीनुसार असते. जोडणी बदलली, किंवा तीच डिस्क रेडऐवजी एएचसीआयने समोर आली, की नोंदलेला ड्रायव्हर उपयोगाचा राहत नाही. विंडोज ज्या पार्टिशनवर उभे आहे तेच त्याला दिसेनासे होते.

उपाय सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या मूळ ड्रायव्हरांनिशी विंडोज सुरू करण्याच्या पद्धतीत, आहे, कारण सेफ मोड नेहमीच्या नोंदीवर विसंबून न राहता डिस्कचे उपलब्ध मूळ ड्रायव्हर तपासून पाहतो. जुनी एसएसडी रेड पद्धतीत सुरू करून सिस्टीम कॉन्फिगरेशनमधील बूटच्या पानावर सेफ बूटची खूण करावी. संगणक पुन्हा सुरू होताना थेट बायोसमध्ये जाऊन एएचसीआय निवडावे. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू झाले की ती खूण काढून टाकावी आणि पुन्हा एकदा सुरू करावे. आता जुनी एसएसडी एएचसीआयवर नीट चालेल, आणि मग तिचा नव्याने क्लोन घ्यावा. सेफ मोडमध्ये काही वेळा पिन स्वीकारला जात नाही, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड आठवत असल्याची खात्री आधी करावी. बिटलॉकर (डिस्कवरील माहितीला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर पुढे त्याविषयी दिलेले उत्तर वाचल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

क्लोन घेतल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी एसएसडी लॅपटॉपमधून काढलेली असावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. क्लोन म्हणजे तंतोतंत प्रत, म्हणून डिस्कचे आणि पार्टिशनचे ओळखक्रमांकही सारखेच असू शकतात. एकाच पत्त्याची दोन घरे समोर आल्यावर फर्मवेअर कोणत्या घरात शिरेल याचा भरवसा नसतो. विंडोजला असे एकसारखे ओळखक्रमांक आढळले की ते दोहोंपैकी एक डिस्क ऑफलाइन करून ठेवते. नवी डिस्क वापरतो आहोत अशा समजुतीत कित्येक दिवस जुन्याच डिस्कवर काम करत राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रश्न : डिस्क बदलून झाल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण बायोससुद्धा दिसत नाही. नवी डिस्क सदोष आहे का?

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. एकही डिस्क जोडलेली नसली तरी चांगल्या संगणकाने निदान फर्मवेअरचा पडदा दाखवायला हवा. म्हणून वीज बंद करून सर्व डिस्कच्या केबल काढाव्यात आणि पाहावे. तरीही पडदा काळाच राहिला तर डिस्कचा विचार सोडून द्यावा, कारण बहुधा काम करताना हाताचा धक्का लागून रॅमची पट्टी, ग्राफिक्स कार्ड किंवा प्रोसेसरजवळची वीजकेबल सैल झालेली असते. रॅम काढून, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबून पुन्हा बसवली की अशी बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. डिस्क काढल्यावर पडदा दिसला आणि जोडताच पुन्हा गेला, तरच त्या डिस्ककडे किंवा तिच्या केबलकडे संशयाने पाहावे.

प्रश्न : नवी डिस्क लावून जमले नाही म्हणून मी सर्व काही पूर्वीसारखे केले. डिस्क तीच, केबल त्याच. तरीही संगणक आता जुन्या डिस्कवरून सुरू होत नाही. असे कसे होऊ शकते?

उत्तर : डिस्क पूर्वीसारख्या झाल्या आहेत, पण फर्मवेअरची स्मृती पूर्वीसारखी राहिलेली नाही. याची दोन कारणे मला संभवतात आणि दोन्ही तपासायला सोपी आहेत.

पहिले म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची, सीआर२०३२ प्रकारची ३ व्होल्टची बॅटरी. ती क्षीण झाली असेल तरी संगणकाला वीज मिळते आहे तोवर कळत नाही. डिस्क बदलण्यासाठी आपण वीजकेबल काढली, त्या थोड्या वेळात बायोसमधील सर्व सेटिंग पुसली गेली आणि कारखान्यातून आलेली मूळ सेटिंग परत आली. मग पूर्वी रेड असेल तेथे एएचसीआय होते, जुन्या पद्धतीचे बूट बंद होते, बूटचा क्रम बदलतो. बायोसमधील तारीख आणि वेळ पाहावी. ती काही वर्षे मागे गेली असेल तर दोषी बॅटरीच आहे. ती बदलावी आणि सेटिंग आठवून पूर्ववत करावीत. यापुढे डिस्कला हात लावण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

दुसरे कारण असे, की डिस्क जागेवर नसताना संगणक सुरू केला तर काही फर्मवेअर त्या डिस्कचा पत्ता आपल्या यादीतून काढून टाकतात, आणि डिस्क परत आल्यावर तो पुन्हा लिहीत नाहीत. बूटच्या यादीत डिस्कचे नाव दिसते पण विंडोज बूट मॅनेजर ही ओळ दिसत नाही, अशी स्थिती असेल तर हेच झाले आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, दुरुस्तीच्या पर्यायांतून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली बीसीडीबूट आज्ञा जुन्याच ईएफआय पार्टिशनवर चालवावी. त्यामुळे फाइली ताज्या होतात आणि पत्त्याची नोंदही पुन्हा होते. पेनड्राइव्हच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे वेगळी लागतात, म्हणून विंडोजचे फोल्डर नेमके कोणत्या अक्षरावर आहे हे आधी उघडून पाहावे.

प्रश्न : मदरबोर्डवर एम.२ (मदरबोर्डच्या खाचेत थेट बसणारी पट्टीसारखी) एसएसडी बसवली आणि आधीची साटा डिस्क बायोसमधून नाहीशीच झाली. एसएसडी काढली की ती परत दिसते. दोन्ही एकत्र चालणार नाहीत का?

उत्तर : नक्की चालतील, बहुधा साटाची केबल फक्त दुसऱ्या पोर्टात लावावी लागेल. अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखाद-दोन साटा पोर्ट यांच्यात एकच वाहिनी वाटून दिलेली असते, आणि एम.२ मध्ये डिस्क आली की ते पोर्ट आपोआप बंद पडतात. कोणता स्लॉट भरल्यावर कोणते पोर्ट बंद होतात याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. काही ठिकाणी साटा पद्धतीची एम.२ लावली तरच पोर्ट बंद होतो, काही ठिकाणी एनव्हीएमई लावल्यावर होतो. म्हणून अंदाजाने न जाता तक्ता वाचावा.

आपल्या पत्रातून स्पष्ट होत नाही, पण नव्या एसएसडीवरूनच संगणक सुरू करण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. एनव्हीएमईची पहिली प्रमाणित आवृत्ती २०११ मध्ये आली, आणि तिच्यावरून बूट करण्याची सोय मदरबोर्डांच्या फर्मवेअरमध्ये सर्रास येईपर्यंत आणखी काही वर्षे गेली. जुन्या मदरबोर्डवर अशी एसएसडी विंडोजमध्ये उत्तम चालते, पण बूटच्या यादीत येत नाही. विंडोजच्या बूट मॅनेजरला गाभा वाचण्यासाठी फर्मवेअरचीच मदत लागत असल्यामुळे बूटच्या फाइली साटा डिस्कवर आणि विंडोज एनव्हीएमईवर ठेवण्याची युक्तीही तेथे उपयोगी पडत नाही. निर्मात्याने फर्मवेअरची नवी आवृत्ती दिली असेल तर ती घालावी, नसेल तर एनव्हीएमई माहितीसाठी वापरून विंडोज साटा एसएसडीवरच ठेवावे.

प्रश्न : माझ्या संगणकावर लिनक्स आहे. गाणी आणि चित्रपट ठेवलेली दुसरी डिस्क काढून टाकली, तर आता सुरू होताना दीड मिनिट थांबून संगणक इमर्जन्सी मोडमध्ये जातो. त्या डिस्कवर लिनक्सची एकही फाइल नव्हती.

उत्तर : फाइल नव्हती, पण तिचा उल्लेख होता. लिनक्स सुरू होताना एटीसी फोल्डरातील एफएसटॅब ही फाइल वाचून त्यात लिहिलेली सर्व पार्टिशने जोडते. काढलेल्या डिस्कची ओळ तेथे अजून आहे. तिची वाट पाहण्याची मुदत सिस्टीमडी या लिनक्स सुरू करणाऱ्या यंत्रणेत सामान्यतः ९० सेकंदांची असते, ते आपले दीड मिनिट. मुदत संपूनही डिस्क आली नाही की, ती अत्यावश्यक असावी असे गृहीत धरून यंत्रणा पुढे जाण्याचे थांबते. हे गृहीत धरणे मला योग्य वाटते, कारण माहितीची डिस्क जागेवर नसताना तिच्या रिकाम्या फोल्डरात कार्यक्रमांनी लिहीत सुटणे अधिक वाईट ठरले असते.

इमर्जन्सी मोडमध्ये प्रशासकाचा पासवर्ड देऊन आत जावे, मूळ पार्टिशन केवळ वाचनासाठी जोडलेले असेल तर ते लिहिण्याजोगे करून घ्यावे आणि एफएसटॅबमधील त्या ओळीच्या आरंभी हॅश चिन्ह घालावे. संगणक पुन्हा सुरू केला की अडथळा दूर होईल. नवी डिस्क लावल्यावर तिची ओळ लिहिताना एसडीए, एसडीबी अशी नावे वापरू नयेत, कारण डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या यावर ती अवलंबून असतात आणि एक डिस्क वाढली तरी बदलू शकतात. त्याऐवजी पार्टिशनचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक लिहावा, आणि जी डिस्क नसली तरी चालेल तिच्या पर्यायांत नोफेल हा शब्द जोडावा.

इमर्जन्सी मोडऐवजी ‘ग्रब रेस्क्यू’ अशी एकाकी ओळ दिसली असती तर गोष्ट निराळी होती. तेव्हा ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरचा पहिला तुकडा एका डिस्कवर आणि त्याचे उरलेले भाग दुसऱ्या, काढून टाकलेल्या डिस्कवर असतात. अशा वेळी पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करून राहिलेल्या डिस्कवर ग्रब नव्याने बसवावा लागतो.

प्रश्न : लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची रिकव्हरी की मागितली जाते. मी बिटलॉकर कधी सुरू केल्याचे आठवत नाही.

उत्तर : बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करताच डिस्कचे कूटलेखन आपोआप सुरू होते, त्यामुळे आपल्याला आठवत नसणे स्वाभाविक आहे. कुलूप उघडण्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते, आणि यंत्र ज्या प्रकारे सुरू होते तो प्रकार पूर्वीसारखाच असेल तरच ती चिप किल्ली देते. बूटचा क्रम, सिक्युअर बूट किंवा फर्मवेअरचे एखादे सेटिंग बदलले की चिपला शंका येते आणि ४८ अंकी की मागितली जाते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या संगणकावरून पाहता येते, आणि लॅपटॉप संस्थेचा असेल तर संस्थेच्या तंत्रज्ञांकडे ती असू शकते. ताबडतोब मिळत नसेल तर नवी एसएसडी काढून व सेटिंग पूर्ववत करून पाहावे, कित्येकदा मागणी आपोआप थांबते. की नसेल तर मात्र त्या डिस्कवरील माहिती कोणताही तंत्रज्ञ उघडू शकत नाही, आणि उघडून देण्याचे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. यापुढे अंतर्भागात बदल करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि की कागदावर लिहून सुरक्षित ठेवावी.

प्रश्न : यूएसबी पेटीत असलेली मोठी हार्ड डिस्क पेटीतून काढून संगणकात बसवली. ती फिरतच नाही. दुसऱ्या एका संगणकात फिरली, पण तेथे ती कोरी असल्याचे दाखवून इनिशिअलाइज करण्यास सुचवले गेले. पेटीत परत घातल्यावर सर्व फाइली दिसतात.

उत्तर : इनिशिअलाइज करण्यास आपण नकार दिलात हे उत्तम झाले. दोन वेगळ्या गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

न फिरण्याचे कारण साटाच्या वीजजोडात आहे. १५ टोकांच्या या जोडातील तिसरे टोक पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखीव होते. साटाच्या ३.३ क्रमांकाच्या आवृत्तीत त्याच टोकाला डिस्क बंद ठेवण्याची सूचना देण्याचे काम मिळाले. जुन्या पॉवर सप्लायने तेथे व्होल्टेज दिले की ही सोय असलेली नवी डिस्क त्याला थांबण्याची आज्ञा समजते. ३.३ व्होल्टची तार नसलेली चांगल्या प्रतीची वीजकेबल वापरली की प्रश्न सुटतो. साच्यात ओतून बनवलेले हलके जोड टाळावेत, कारण त्यांच्या आत तारा एकमेकींना टेकून पेट घेतल्याचे प्रकार घडलेले आहेत.

डिस्क कोरी दिसण्याचे कारण पेटीतील छोट्या सर्किटमध्ये असावे. काही पेट्या मोठी डिस्क संगणकापुढे ५१२ ऐवजी ४०९६ बाइटच्या सेक्टरांची म्हणून मांडतात, आणि पार्टिशनचा तक्ता त्याच हिशेबाने लिहिला जातो. थेट जोडल्यावर हिशेब बदलतो आणि तक्ता जुळत नाही. काही पेट्या माहितीचे कूटलेखनही करतात. दोन्ही परिस्थितींत मार्ग एकच : डिस्क पेटीत ठेवून सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, मग ती संगणकात लावून नव्याने फॉरमॅट करावी.

प्रश्न : नवी एसएसडी लागली आणि संगणक छान चालतो आहे. जुनी डिस्क पुसून एका नातेवाइकाला द्यायची आहे. लगेच पुसली तर चालेल का?

उत्तर : थोडे थांबावे. प्रथम जुनी डिस्क प्रत्यक्ष काढून ठेवून संगणक सुरू होतो का, हे पाहावे. बायोसमध्ये क्रम बदलून पाहणे पुरेसे नाही, कारण बूटच्या फाइली कोणत्या डिस्कवरून येतात हे त्यातून उघड होत नाही. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपमुळे नेहमीच्या शटडाउनने संगणक पूर्णपणे बंद होत नाही, म्हणून शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावे आणि मगच डिस्क काढावी. त्यानंतर एक-दोन आठवडे नेहमीचे काम जुन्या डिस्कविना करावे. छपाईयंत्राचा ड्रायव्हर, हिशेबाचा प्रोग्राम, ईमेलची साठवण यांपैकी काही जुन्या डिस्कवरच्या फोल्डराकडे बोट दाखवत असेल तर ते या काळातच लक्षात येते. एवढे होऊन काही अडले नाही आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत तिसऱ्या ठिकाणी असल्याची खात्री झाली, की जुनी डिस्क पुसावी. क्विक फॉरमॅटने फाइली प्रत्यक्षात जात नाहीत, म्हणून ती दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी पूर्ण फॉरमॅट करावे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत त्याने संपूर्ण पार्टिशनवर शून्ये लिहिली जातात. डिस्कवर एकापेक्षा अधिक पार्टिशन असतील तर प्रत्येकाचे वेगळे करावे. मोठ्या हार्ड डिस्कला यासाठी अनेक तास लागतात, म्हणून हे काम रात्री लावून ठेवावे.